ग्रंथसूचीतील ड्रॉपडाउन: तिसऱ्या टप्प्याची नोंद

घरातील पुस्तकांची सूची एक्सेलमध्ये आणण्याच्या कामातील नोंदणीचा भाग मागील टप्प्यात संपला होता. या टप्प्यात ‘साहित्यप्रकार’ आणि ‘उपप्रकार’ या दोन रकान्यांना ड्रॉपडाउन, म्हणजे सेलजवळचा बाण दाबताच उघडणारी पर्यायांची यादी, जोडायचे ठरवले होते. एका संध्याकाळचे काम समजून बसलो, आणि प्रत्यक्षात त्याला तीन आठवडे लागले. बाण दिसू लागणे ही दोन मिनिटांची गोष्ट आहे. बाकीचा सगळा वेळ यादीत नेमके कोणते शब्द असावेत, हे ठरवण्यात गेला.

आरंभ साफसफाईने करावा लागला. आधी हाताने भरलेल्या रकान्यात कोणकोणती मूल्ये आहेत हे फिल्टर लावून पाहिले, तेव्हा ‘कादंबरी’ आणि ‘कादम्बरी’ असे दोन प्रकार निघाले, ते अपेक्षितच होते. परंतु ‘ॲटलस’ हा शब्द दोनदा दिसत होता आणि दोन्ही ठिकाणी अक्षरे तंतोतंत सारखी होती. शेवटी शेजारच्या सेलमध्ये लांबी मोजणारे लेन हे फंक्शन लावले, तर एकाची लांबी ४ आली आणि दुसऱ्याची ५. एका ठिकाणी ‘ॲ’ हे एकसंध चिन्ह होते, तर दुसऱ्या ठिकाणी ‘अ’वर चंद्र स्वतंत्रपणे टंकलेला होता. अर्ध्या नोंदी फोनवर आणि अर्ध्या संगणकावर केल्याचा हा परिणाम. डोळ्यांना न दिसणारा हा भेद पाहिल्यापासून, मराठीतील सूचीला ड्रॉपडाउनची गरज इंग्रजीतील सूचीपेक्षा अधिक आहे, असे माझे मत झाले आहे.

यादी प्रथम डेटा व्हॅलिडेशनच्या (सेलमध्ये काय भरता येईल याचा नियम ठरवणाऱ्या सोयीच्या) चौकटीतच स्वल्पविराम देऊन लिहिली, ही माझी पहिली चूक. त्या चौकटीत २५५ वर्णांपलीकडे काही लिहिता येत नाही, आणि या मोजणीत काना, मात्रा, हलन्त हे सर्व वेगळे धरले जातात. ‘प्रवासवर्णन’ हा शब्द दिसायला सहा अक्षरांचा असला, तरी मोजणीत तो अकरा भरतो. माझे बत्तीस प्रकार त्यात मावणे शक्यच नव्हते. ‘होय, नाही’ यांसारख्या दोन-तीन पर्यायांपुरतीच ही पद्धत ठीक आहे.

म्हणून ‘याद्या’ नावाची वेगळी शीट केली, तेथे प्रकारांचे टेबल बनवले, त्या रकान्याला नाव दिले आणि व्हॅलिडेशनच्या स्रोतात तेच नाव लिहिले. टेबलाचा थेट संदर्भ तेथे स्वीकारला जात नाही, पण नावाच्या आडून तो चालतो, आणि टेबल वाढले की यादीही आपोआप वाढते. उघडलेल्या यादीत एका वेळी आठच पर्याय दिसत असल्यामुळे मी अकारविल्हे क्रम सोडून दिला आणि नेहमी लागणारे आठ प्रकार वर घेतले. आता ऑल्ट आणि खालचा बाण दाबला की बहुतेक वेळा माऊसला हात लावावा लागत नाही.

या व्यवस्थेत एक दोष दोन दिवस माझ्या लक्षात आला नाही. ‘चरित्र’ऐवजी ‘चरीत्र’ असे टंकले गेले आणि एक्सेलने ते मुकाट्याने स्वीकारले. नियम जागेवर होता, बाण दिसत होता, चूक झाल्यास सूचना देण्याचा पर्यायही चालू होता. तरीही वाटेल ते लिहिले तरी चालत होते. कारण असे निघाले की टेबलाच्या शेवटच्या सेलमध्ये टॅब दाबल्याने खाली एक रिकामी ओळ तयार झाली होती आणि ती नाव दिलेल्या रेंजमध्ये, म्हणजे सेलच्या गटात, सामील झाली होती. स्रोत नावाने दिलेला असेल, त्यात एकही सेल रिकामा असेल आणि ‘इग्नोअर ब्लँक’ची (रिकाम्याकडे दुर्लक्ष करण्याची) खूण चालू असेल, तर एक्सेल कोणतेही मूल्य ग्राह्य धरते. ही खूण आपोआप चालू असते. मी ती काढली आणि रिकामी ओळही पुसली.

निवडलेल्या प्रकारानुसार उपप्रकारांची यादी बदलावी, यासाठी इंडायरेक्ट हे सेलमधील मजकुराला रेंजचे नाव मानणारे फंक्शन वापरून पाहिले आणि सोडून दिले. त्या पद्धतीत प्रत्येक प्रकारासाठी स्वतंत्र नाव असलेली रेंज लागते आणि नावात मोकळी जागा चालत नाही. बत्तीस नावे सांभाळण्याचा उत्साह माझ्यात नाही. त्याऐवजी ‘याद्या’ शीटवर दोनच रकान्यांची जोडयादी केली: डावीकडे प्रकार, उजवीकडे उपप्रकार, आणि एका प्रकाराच्या सर्व ओळी एकाखाली एक. मॅच हे फंक्शन प्रकाराची पहिली ओळ शोधते, काउंटइफ अशा ओळी किती आहेत ते मोजते, आणि ऑफसेट तेवढेच सेल उचलून यादीला देते. माझ्याकडे ‘कादंबरी’ चौदाव्या ओळीपासून सुरू होते आणि तिचे सात उपप्रकार आहेत, म्हणून विसाव्या ओळीपर्यंतचा भाग दिसतो. मधेच एखादी ओळ भलत्या ठिकाणी घातली, तर यादी चुकीची येते. त्यामुळे भर घातल्यावर डाव्या रकान्यानुसार पुन्हा क्रम लावणे भाग आहे.

सूत्र लिहिताना सेलवर क्लिक केल्यास एक्सेल ओळीच्या आकड्यापुढेही डॉलरचे चिन्ह लावते, आणि मग सर्व ओळी एकाच ओळीतील प्रकार पाहत राहतात. ते चिन्ह हाताने काढावे लागते. प्रकाराचा सेल रिकामा असताना नियम लावला तर स्रोतात त्रुटी असल्याचा इशारा येतो, पण तेथे ‘होय’ म्हणून पुढे जाता येते.

प्रकार नंतर बदलला तरी जुना उपप्रकार तसाच राहतो, कारण व्हॅलिडेशन केवळ टंकलेल्या मूल्याची तपासणी त्या क्षणी करते. पेस्ट केलेल्या मजकुराची तर ते तपासणीच करत नाही, उलट साध्या पेस्टने नियमच पुसला जातो. यासाठी कंडिशनल फॉरमॅटिंग, म्हणजे अटीनुसार सेलचा रंग बदलणारी सोय, लावले आहे: प्रकार आणि उपप्रकार यांची जोडी जोडयादीत काउंटइफ्स या एकाहून अधिक अटींनी मोजणाऱ्या फंक्शनला सापडली नाही, तर सेल लाल होतो. पहिल्याच दिवशी एकेचाळीस सेल लाल झाले. आज नऊ उरले आहेत, आणि त्यांतील चार पुस्तके खरोखरच दोन प्रकारांत बसणारी असल्याने त्यांचा निर्णय लागलेला नाही.

‘लेखक’ या रकान्याला मात्र कडक नियम लावलेला नाही. तेथे नवे नाव सतत येणार, म्हणून सूचनेचा प्रकार ‘स्टॉप’ऐवजी ‘वॉर्निंग’ ठेवला आहे. यादीबाहेरचे नाव आले की एक्सेल विचारते, आणि मी आद्याक्षरांतील टिंबे एकदा तपासून ‘होय’ दाबतो.