पाडव्यापासून श्रावणापर्यंत : ३० कादंबऱ्यांची वाचननोंद

यंदाच्या गुढीपाडव्याला मी दिवाळीपर्यंत ३० कादंबऱ्या वाचण्याचा संकल्प केला होता : ऐतिहासिक प्रेमकथा, अद्भुतरम्य कादंबऱ्या आणि रहस्यकथा प्रत्येकी १०. श्रावण लागला तेव्हा वहीत १९ नोंदी झाल्या असून त्यांत ८ रहस्यकथा, ७ ऐतिहासिक आणि केवळ ४ अद्भुतरम्य आहेत. नागपूरचा मे महिना या छंदाला अनुकूलच ठरतो, कारण दुपारी बारा ते पाच घराबाहेर पाऊल टाकण्याची सोय नसते आणि कूलरसमोर बसून शंभर पाने सहज वाचून होतात. पावसाळा लागल्यावर वेग मंदावला, हेही नोंदवते.

सुरुवातीला मी कथानक, पात्रे, भाषा असे रकाने आखले होते. आठव्या पुस्तकानंतर ते सोडून दिले आणि प्रत्येक कादंबरीला एकच प्रश्न विचारू लागले : लेखकाने स्वतःला कशाने बांधून घेतले आहे, आणि ते बंधन त्याने शेवटपर्यंत पाळले आहे का? तिन्ही प्रकारांना हा प्रश्न सारखाच लागू पडतो, असे माझे मत आता पक्के झाले आहे.

ऐतिहासिक प्रेमकथेत हे बंधन काळाचे असते. रणजित देसाई यांची १९६२ सालची ‘स्वामी’ मी या निमित्ताने तिसऱ्यांदा वाचली. माधवराव पेशवे १७७२ मध्ये थेऊरला वारले आणि रमाबाई सती गेल्या, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्यामुळे पुढे काय होणार ही उत्कंठा लेखकाच्या हाती मुळातच नाही. तरीही पुस्तक खाली ठेववत नाही, कारण मोहिमा, कारभार, काकांशी चाललेला कलह आणि आजारपण यांतून त्या दोघांच्या वाट्याला जो थोडा वेळ उरतो, तो संपत चालला आहे हे वाचकाला प्रत्येक भेटीत जाणवत राहते.

याउलट, भोसल्यांच्या राज्याच्या अखेरच्या वर्षांत घडणारी एक अलीकडची कादंबरी मला निराश करून गेली. तिचा नायक नागपूरला आगगाडीतून उतरतो. तिसरे रघुजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले, १८५४ मध्ये राज्य खालसा झाले आणि नागपूरला रेल्वे आली ती १८६७ मध्ये. ही चूक मी एक वेळ पोटात घालीन. मात्र त्याच कादंबरीत नागपूरच्या महाल भागातल्या एका भरल्या वाड्यात नायक-नायिका तासन्‌तास एकांतात बोलत बसतात, ते मला मान्य होणार नाही. ओटीवर कारकून आणि पाहुणे, माजघरात बायकांचा राबता, चौकात नोकरमाणसे, आणि पहाटे जात्यावर बसलेल्या आत्याबाईंच्या कानांतून न सुटणारी प्रत्येक चाहूल, अशा घरात नजरेला नजर मिळवायलाही निमित्त शोधावे लागले असते. पंगतीत तूप वाढताना हात क्षणभर जास्त थांबणे, एवढ्यावर एक अख्खे प्रकरण उभे राहू शकते. लेखकाने एकांत फुकट वाटून टाकला आणि प्रेमातली सगळी ओढच घालवली, याचे मला मनापासून वाईट वाटले.

अद्भुतरम्य कादंबऱ्यांच्या बाबतीत माझी प्रगती अपुरी आहे. वास्तविक हा प्रकार आपल्याला परका नाही. १८६१ ची ‘मुक्तामाला’ आणि १८६८ ची ‘मंजुघोषा’ या दोन्ही अद्भुताच्या वाटेने गेलेल्या, तर ‘मोचनगड’ ही पहिली ऐतिहासिक कादंबरी पुस्तकरूपाने आली ती १८७१ मध्ये. परंतु यंदा वाचलेल्या चारपैकी तीन कादंबऱ्यांत मंत्राला मोलच नव्हते. नायक अडला की विद्या धावून येते आणि त्याचे काहीही जात नाही. अशा वेळी मला कच-देवयानीची कथा आठवते. दैत्यांनी कचाची राख मद्यातून शुक्राचार्यांना पाजली. आता त्याला जिवंत करावे तर गुरूचे पोट फाटणार. म्हणून शुक्राचार्यांना पोटातल्या शिष्याला संजीवनी शिकवावी लागते, शिष्य बाहेर येऊन गुरूला उठवतो, आणि पुढे देवयानीच्या शापामुळे ती विद्या स्वतः कचाला वापरता येत नाही, तो ती फक्त दुसऱ्याला शिकवू शकतो. प्रत्येक पायरीवर कोणाचे तरी काही तरी जाते, आणि म्हणूनच संजीवनी खरी वाटते. ही कसोटी घरात असताना आपण स्वस्त चमत्कारांवर समाधान का मानावे?

रहस्यकथांत मात्र मी भरभरून रमले. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम सांगितले. गुन्हेगाराचा उल्लेख कथेत आरंभीच यावा, हा त्यांतला पहिला, आणि दैवी शक्तींना थारा देऊ नये, हा दुसरा. लेखक प्रामाणिक असेल तर वाचकाला उत्तर स्वतः काढता यायला हवे, याचा पडताळा मला जूनमध्ये अनपेक्षितपणे आला. वाचनालयातून आणलेल्या कादंबरीत इन्स्पेक्टर सर्वांना दिवाणखान्यात बोलावतात आणि पृष्ठ २२४ नंतर थेट मलपृष्ठ येते. बांधणीत शेवटचा अख्खा फर्मा, म्हणजे १६ पृष्ठे, राहून गेला होता. तो दिवस फार हळहळीत गेला.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन पहिल्या पानापासून पुन्हा बसले. कादंबरीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण धागा उघड करते आहे. खून ऐन उन्हाळ्यातल्या दुपारचा. पुतण्या सांगतो की तो बारापासून कूलर लावून झोपला होता. संध्याकाळी पोलीस त्याच्या खोलीत जातात तेव्हा कूलरची टाकी काठोकाठ भरलेली आहे, हे वर्णन एका ओळीत येऊन जाते. आणि त्या घरात नळाला पाणी सकाळीच येते व दुपारपर्यंत साठवणीच्या पिंपाचा तळ दिसतो, हे मोलकरणीच्या तोंडी पृष्ठ ३१ वरच आलेले आहे. नागपूरकराला याहून अधिक काय सांगायचे? पाच तास चाललेल्या कूलरची टाकी भरलेली राहत नाही. मी पुतण्याचे नाव आणि कारण लिहून ठेवले. अकरा दिवसांनी एका मैत्रिणीकडे त्याच कादंबरीची पूर्ण प्रत मिळाली : गुन्हेगार बरोबर निघाला, हेतू चुकला. मी मालमत्तेचा वाद धरला होता. खरे कारण एका जुन्या पत्रात होते आणि तेही पत्र पृष्ठ ९० वर माझ्या डोळ्यांखालून गेले होते. तेव्हापासून प्रत्येक रहस्यकथा शेवटच्या प्रकरणापूर्वी थांबवून मी माझे उत्तर आधी लिहिते. त्यानंतरच्या तीनपैकी एकदा जमले.

आता ११ पुस्तके उरली आहेत : ऐतिहासिक ३, रहस्यकथा २ आणि अद्भुतरम्य ६. ऐतिहासिक आणि रहस्यकथा ठरलेल्या आहेत. जिच्यात मंत्राची किंमत मोजावी लागते, अशी अद्भुतरम्य मराठी कादंबरी आपल्यापैकी कोणी वाचली असेल, तर तिचे नाव अवश्य कळवावे. गणपतीच्या सुट्यांत तीच आधी हाती घेईन.