२१ फुटांवरून १७ फुटांवर: नव्या बोटीच्या कामाची नोंद

मंडळी, जानेवारीत मोठी बोट गेली. २१ फुटी फायबरग्लास, मागे २५० अश्वशक्तीचं इंजिन, चौदा वर्षं डॅलसहून टेक्ससमधल्याच लेक फोर्क तलावावर ओढत नेलेली. ट्रेलर गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाला तशी ही म्हणाली, "अहो, पोरीच्या पाठवणीलाही एवढा चेहरा पडला नव्हता तुमचा."

विकायचा विचार असेल तर कागदांचं आधीच सांगून ठेवतो. टेक्ससमध्ये बोटीचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, वेगळं आणि इंजिनाचं वेगळं, दोन्ही पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याची. ट्रेलरचं काम काउंटीच्या टॅक्स ऑफिसात. मी नेमका इंजिनाचा कागद घरी विसरलो आणि घेणाऱ्याला दोन तास ताटकळत बसवलं.

आता मुद्द्याचं. मी ६८ वर्षांचा आहे. पाण्यावर मला काही होत नाही, आठ तास गळ टाकत बसेन. जे काही होतं ते रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर, पहाटेच्या त्या अर्ध्या तासात. कव्हरचे पट्टे सोडा, ट्रेलरच्या दांड्यावरून पुढच्या टोकावर चढा, ट्रोलिंग मोटर, म्हणजे पुढची छोटी विजेची मोटर, दोरीने उपसून पाण्यात टाका. संध्याकाळी दमलेल्या अंगाने हेच सगळं उलटं. नोव्हेंबरात ओल्या दांड्यावरून पाय सटकला, गुडघा पिरगळला. सहा आठवडे घरात. तेव्हा वेळच वेळ होता म्हणून जीपीएसमधल्या वर्षभराच्या खुणा उघडून बसलो. २३ फेऱ्या, त्यातल्या फक्त चार रॅम्पपासून तीन मैलांच्या पुढे गेलेल्या. उरलेल्या १९ वेळा मी २५० घोडे नुसते फिरवून आणले होते!

फोर्कवर तसं व्हायचंच. १९८० मध्ये धरण बांधून पाणी अडवलेला हा तलाव, साधारण २७,००० एकरांचा, आणि पाण्याखाली गेलेलं जंगल अजून जागोजाग उभं आहे. बोयांनी, म्हणजे तरंगत्या खुणांनी, आखलेली वाट सोडली की रांगतच जावं लागतं, इंजिन कितीही मोठं असो. आणि लार्जमाउथ बास, ज्या माशासाठी इथे यायचं तो, बसतो तिथेच, त्या वाळक्या खोडांच्या आडोशाला. टेक्ससचा १८.१८ पौंडांचा विक्रमी बास याच पाण्यातला, १९९२ च्या जानेवारीतला. मी धरमतरच्या खाडीवर गरी घेऊन वाढलेला माणूस. दबा धरून बसणारा मासा मला तिथे जिताड्याने शिकवला. जिताड्यालाही इंग्रजीत एशियन सी बास म्हणतात, म्हणजे बासशी माझी ओळख जुनीच म्हणायची.

नवी बोट १७ फुटी, अ‍ॅल्युमिनियमची, वेल्ड केलेली, ६० अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक इंजिन. ट्रेलर एका आसाचा, दांडा दुमडणारा, त्यामुळे बोट गॅरेजात मावते. बोट ठेवायच्या आवारातल्या जागेचं भाडं वाचलं आणि कव्हरची कटकटही गेली. त्याआधी एक रिव्हेटने जोडलेली बोट स्वस्तात मिळत होती, पण मागची, इंजिन टांगायची फळी अंगठ्याने दाबली तर आत जात होती. मुकाट्याने परत आलो.

फेब्रुवारीभर काम चाललं. जुन्या बोटीत ट्रोलिंग मोटरला तीन बॅटऱ्या होत्या, प्रत्येकी पासष्टेक पौंडांच्या. आता २४ व्होल्टची मोटर आणि दोन लिथियम बॅटऱ्या, त्या मी एका हाताने उचलतो. चार्जर मात्र लिथियमला चालणाराच हवा, आणि गोठवणाऱ्या थंडीत त्या चार्ज करायच्या नाहीत. मोटरला रिमोट आहे. पायाने चालवायच्या मोटरचं पेडल एका पायावर तोल सांभाळत दाबणं या गुडघ्याला आता झेपत नाही. बटण दाबलं की बोट जीपीएसच्या आधारे जागच्या जागी थांबते.

एक चूक होता होता वाचली. पुढचा डेक वाढवायला दुकानातून प्रेशर-ट्रीटेड प्लायवूड आणलं होतं, वाळवी-पाण्याला दाद न देणारं म्हणून. कापायला घेणार तोच शेजारच्या वेल्डरने हात धरला. त्या लाकडात तांब्याची औषधं असतात, ओल लागली की ती अ‍ॅल्युमिनियम खातात. फळ्या परत केल्या. साधं मरीन प्लाय आणलं, सगळ्या कडांना इपॉक्सी, आणि स्टीलच्या प्रत्येक स्क्रूला गंजरोधक पेस्ट. पेस्टने बोटं चार दिवस पांढरी होती.

प्रोपेलरही बदलावा लागला. दोघं जण आणि भरलेली टाकी असली की इंजिन पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला ५,२०० फेऱ्यांवरच अडायचं. हवेत ५,५०० ते ६,०००. १४ पिचचा (पिच म्हणजे एका फेरीत पंखा जितके इंच पुढे सरकेल ते माप) काढून १२ चा लावला, आता ५,६०० ला पोचतं. वेग ताशी ३१ मैल. जुनीचा ७० होता. टोपी आता डोक्यावर राहते.

तक्रार एकच, वारा. हलकी बोट, त्यात लिथियममुळे पुढचं टोक आणखी हलकं. दक्षिणेचा वारा सुटला की पानासारखी फिरते. पहिल्या दिवशी सगळा वेळ बोट सरळ धरण्यातच गेला. शिवाय खोडाला घासली की ढोल वाजतो. आत रबरी चटई घातली तेव्हा आवाज जरा कमी झाला.

आणि मार्चचा दुसरा रविवार. पाणी ६२ अंश फॅरनहाइट, खोडाच्या बुंध्याशी टेक्सस रिगवर (गळाचं टोक आमिषातच लपवायची पद्धत) काळा प्लास्टिकचा किडा. दोर बाजूला सरकला तेवढाच. मोठ्या बोटीत मासा जवळ आला की गुडघे टेकून ओणवं व्हावं लागायचं. इथे काठ एवढा खाली की खुर्चीत बसल्या बसल्या हात पाण्यात गेला आणि अंगठा थेट त्याच्या खालच्या ओठावर. शेपूट चिमटीत धरून मोजला, २१ इंच. फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला मासा सोडावाच लागतो. पाण्यात धरून ठेवला, कल्ले दोन-तीनदा हलले, आणि माझ्या चष्म्यावर पाणी उडवून गेला.

राहिलेली कामं: ट्रेलरच्या दांड्यावर पायऱ्या आणि धरायला कठडा. खरं तर हे सगळ्यात आधी व्हायला हवं होतं, पण सुटे भाग यायचेत. वाऱ्यासाठी ड्रिफ्ट सॉक घ्यावा म्हणतो, म्हणजे ती पाण्यात सोडायची कापडी पिशवी. १७ फुटी अ‍ॅल्युमिनियमला कोणी वापरला असेल तर मापही सांगा आणि पुढे बांधता की मागे तेही. आणि हिला पाठ टेकायची खुर्ची हवी आहे. ती येते म्हणाली आहे, पण पहाटे साडेचारला नाही.