इथे घर घेताना आधी शाळा का बघतात

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइटच्या आसपास मराठी माणूस घर बघायला निघाला की पहिला प्रश्न किचन केवढं हा नसतो, स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे सरकारी शाळांची हद्द, कुठलं हा असतो. नोव्हाय, ट्रॉय, कँटन या उपनगरांची नावं नुकत्याच आलेल्यांनाही पाठ असतात. आणि रस्त्याच्या अलीकडचं घर महाग, पलीकडचं स्वस्त, फरक निव्वळ शाळेचा, हे पुण्यात फोनवर सांगितलं की समोरचा म्हणतो अरे पण सरकारी शाळा ना ती? हो, सरकारीच. फी नाही, फक्त सहसा त्या हद्दीत राहायला हवं, म्हणजे जी काय फी आहे ती घराच्या किमतीतच भरायची.

हे असं का झालं ते बघायला मला डेट्रॉइटचाच इतिहास पुरला. वुडवर्ड अव्हेन्यूवर हायलंड पार्कला फोर्डचा जुना कारखाना आहे. १९१३ मध्ये तिथे चालती असेंब्ली लाइन आली आणि काम इतकं कंटाळवाणं झालं की त्या वर्षी नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण ३७० टक्क्यांवर गेलं, म्हणजे एकेका जागेवर वर्षात तीन-चार माणसं बदलायची. मग ५ जानेवारी १९१४ ला हेन्री फोर्डने जाहीर केलं, दिवसाला पाच डॉलर आणि आठ तास काम. आधी नऊ तासांचे अडीच डॉलरसुद्धा मिळत नव्हते, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत हजारो लोक गेटवर जमले.

शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथे संपते. खरी गंमत पुढे आहे, कारण त्या पाचातला जवळजवळ अर्धा भाग पगार नव्हताच, तो 'नफ्यातला वाटा' होता आणि तो कुणाला द्यायचा हे कंपनीची सोशिऑलॉजिकल डिपार्टमेंट ठरवायची. आपल्याकडे स्थळाची चौकशी करतात ना, तसा यांचा माणूस घरी यायचा, दारू किती पितो, बँकेत काही टाकतो का, घर स्वच्छ आहे का, लग्न खरंच झालंय का, आणि घरात भाडेकरू ठेवलेत का. भाडेकरू चालायचे नाहीत, आणि नेमकी परदेशातून आलेल्या गरीब कुटुंबात बाईची कमाई तीच असायची, चार जणांना जेवायला-झोपायला देणं. पास झालात तर पाच डॉलर, नाहीतर सुधारून दाखवा. बायका कामगारांना सुरुवातीला हा वाटाच नव्हता, तो १९१६ मध्ये मिळाला. इंग्रजी न येणाऱ्यांसाठी कंपनीने स्वतःची शाळा काढली. मला विचाराल तर पगार वाढला हे खरं, पण एक कमावता नवरा, घरात बायको, स्वतंत्र घर, हा संसाराचा नमुनाही पगाराबरोबर घरी आला.

अमेरिकेच्या दक्षिणेतून आलेल्या काळ्या कामगारांना फोर्डने इतर कंपन्यांपेक्षा जास्त संख्येने घेतलं, तरी बऱ्याच जणांच्या वाट्याला फाउंड्रीचं, म्हणजे धातू वितळवून ओतायचं, सगळ्यात तापदायक काम आलं. आणि पैसे हातात असूनही घर कुठे घ्यायचं हे त्यांच्या हातात नव्हतं. १९३४ पासून सरकारी संस्था गृहकर्जाला हमी द्यायला लागली, पण काळ्या वस्तीला आणि तिच्या शेजारच्या भागाला 'रिस्क' ठरवून बाजूला ठेवायची. एट माइल रोडजवळ १९४१ मध्ये एका बिल्डरने गोऱ्यांसाठी घरं बांधायला घेतली, शेजारी काळी वस्ती म्हणून हमी अडली, तर पठ्ठ्याने मध्ये सहा फूट उंच, अर्धा मैल लांब भिंत घातली, आणि हमी मिळाली! ती भिंत अजून आहे, एका भागावर आता रंगीत चित्रं काढलीत, मुलं बाजूलाच खेळत असतात.

युद्धानंतर पगार खरोखर चांगले झाले. १९५० मध्ये जनरल मोटर्स ही कार कंपनी आणि वॉल्टर रूथरच्या वाहन कामगार युनियनचा पाच वर्षांचा करार झाला, महागाईप्रमाणे वाढ, पेन्शन, आरोग्य विमा. हायस्कूलही पूर्ण न केलेला माणूस घर आणि गाडी घेऊ शकत होता. मग गोरी कुटुंबं उपनगरांत गेली, त्यांच्यामागे टॅक्स गेला, आणि शाळेचा पैसा मुख्यतः घरांच्या टॅक्सवर असल्यामुळे शाळाही गेल्यासारख्याच झाल्या. १९५० ला साडेअठरा लाखांचं डेट्रॉइट २०२० ला साडेसहा लाखांच्याही खाली होतं.

कोर्टात एकदा हे बदलायची संधी आली होती. न्यायाधीश स्टीफन रॉथ यांनी शहराबरोबर ५३ उपनगरी डिस्ट्रिक्ट धरून मुलं एकत्र शिकवायचा आदेश दिला, पण १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने मिलिकेन विरुद्ध ब्रॅडली खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी तो रद्द केला, उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध झालेलं नाही म्हणून. झालं, हद्द पक्की झाली.

आपण देसी लोक या सगळ्यात कुठे? ग्रोस पॉइंट या तलावाकाठच्या श्रीमंत भागात घर घेणाऱ्याला मार्क द्यायची पद्धत होती, ती १९६० मध्ये उघड झाली. वर्ण किती सावळा, उच्चार कसे, असे गुण, पोलिश माणसाला पास व्हायला ५५, ज्यूंना ८५, काळ्या आणि आशियाई लोकांना तर परीक्षेलाच बसू देत नव्हते. १९६५ चा इमिग्रेशनचा कायदा आला, मग आपले इंजिनिअर आले, आणि उघडउघड भेदभाव करणं तोपर्यंत बेकायदेशीर होत चाललेलं. तयार हद्दीत आपण चांगल्या पगाराने आत शिरलो, हे मंडळाच्या गप्पांमध्ये फारसं कुणी बोलत नाही.

१९९३ मध्ये मिशिगनच्या कलकास्का गावात लोकांनी टॅक्सवाढ नाकारली आणि शाळा मार्चमध्येच बंद करावी लागली. पुढच्या वर्षी मतदानाने नियम बदलला, सेल्स टॅक्स ४ चा ६ टक्के झाला आणि रोजच्या खर्चाचा पैसा मुख्यतः राज्याकडून यायला लागला. इमारती, छत, लॅब, स्विमिंग पूल मात्र अजून स्थानिक बाँडवर (कर्जरोख्यांवर), म्हणजे त्या डिस्ट्रिक्टच्या घरमालकांच्या टॅक्सवर. आमच्याकडे असा बाँड मतदानाला आला की मी टॅक्स भरणार पण मत देऊ शकत नाही, कारण मी सिटिझन नाही. शेजारचे आजोबा मत देतात, कार कंपनीच्या पेन्शनवर आहेत, त्यांची नातवंडं टेक्सासला. तरी दरवेळी हो म्हणतात, शाळा चांगली राहिली तर घर विकताना भाव येईल म्हणून.