तुम्ही विचारलंत म्हणून: राजवाडा सोडून केबिन कशाला?

लंडनला आमच्याकडे उतरलेला प्रत्येक पाहुणा हा प्रश्न विचारतोच. राजवाडा राहू दे, पण रेल्वेगाडीने वीसेक मिनिटं जाऊन लंडनबाहेरच्या सेंट ऑल्बन्सची जुनी सिग्नल केबिन, म्हणजे जिथून माणूस लिव्हर ओढून सिग्नल हलवायचा ती खोली, कशाला बघायची?

कारण ती घरासारखी दिसते, पण घर नाही. १८९२ साली मिडलंड रेल्वे या कंपनीने उभारलेलं ते ४४ लिव्हरच्या यंत्रावर घातलेलं लाकडी टोपरं आहे. वरच्या मजल्यावर लिव्हर ओळीने उभे. लाल सिग्नलचे, काळे सांध्यांचे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवतात ते). पण आपल्याला दिसतो तो लिव्हरचा वरचा भाग. उरलेला पायाखालच्या फळ्यांमधून खालच्या मजल्यावर उतरतो आणि तिथून तारा नि सळया रुळांकडे निघतात. म्हणून केबिन उंच. गाड्या दिसाव्यात हे कारण आहेच, पण खालच्या यंत्रालाही जागा हवी होती. खाली खिडक्या मोजक्या, वर जवळजवळ सगळी काचच.

खरी गंमत पुढेच. लिव्हरना लावलेले लोखंडी अडसर एकमेकांत असे गुंतवलेत की सांधा योग्य बाजूला नसेल तर सिग्नलचा लिव्हर जागचा हलत नाही. १८८९ मध्ये आयर्लंडमधल्या आर्मा इथे सहलीच्या गाडीचे सुटलेले डबे उतारावरून मागे घरंगळले आणि सुमारे ८० माणसं गेली. त्याच वर्षीच्या कायद्याने प्रवासी मार्गांवर ब्लॉक पद्धत (एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी), अखंड ब्रेक (सगळ्या डब्यांना एकदम लागणारे) आणि सिग्नल-सांधे असे एकमेकांत गुंतवणंही सक्तीचं झालं.

आणि मिडलंडवाले हिशेबी! लाकडी भिंतींचे ठरावीक मापाचे तुकडे डर्बीच्या कारखान्यात करायचे आणि जागेवर नेऊन जोडायचे. तरी खिडकीच्या वरच्या काचांचे कोपरे तिरपे कापलेले, चारी बाजूंनी उतरत्या छपरावर टोकदार कळस. त्याची गरज नव्हती; मला तेच आवडतं.

(आपल्याकडे जुनी माणसं ‘सिग्नल पडला’ म्हणतात ना, ते अशाच केबिनमधून लिव्हर ओढल्यावर खाली झुकणाऱ्या, खांबावरच्या सिग्नलच्या हातामुळे.)

मागच्या खेपेला मामा कुरकुरतच आले होते. तिथल्या स्वयंसेवकाने त्यांच्या हातात फडकं दिलं. घामाने मुठीचं पोलाद गंजतं, म्हणून लिव्हर फडक्यानेच धरायचा. मामांनी पाय रोवून ओढला. ढिम्म. तो हसून म्हणाला, “आधी शेजारचा.”

मामांनी शेजारचा ओढला. मग पहिला. खटकन आला. त्या दिवशी परतीच्या दोन गाड्या आम्ही चुकवल्या.