कॅश तापेपर्यंत

डेटाबेस सर्व्हर दहा वाजले की हमखास मान टाकायचा. प्रोसेसर निवांत, रॅम मोकळी, पण डिस्कचा वापर शंभर टक्क्यांवर चिकटलेला. मिनिटाला 10,000 फेरे घेणारी सॅस डिस्क (सर्व्हरमधली हार्ड डिस्क) सेकंदाला साधारण दीडशे रँडम ऑपरेशन्स (विखुरलेली वाचनं-लेखनं) करते. त्यापुढे रांग लागणारच. सगळ्या डिस्क बदलून एसएसडी (फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्क) बसवायला बजेट नव्हतं. म्हणून डिस्क सांभाळणाऱ्या मेगारेड कंट्रोलर कार्डावर, नेहमी लागणारा डेटा एसएसडीवर (कॅशमध्ये) ठेवणारं कॅशकेड प्रो 2.0 चालू करायचं ठरलं: दोन एसएसडी आणि एक लायसन्स.

लायसन्स विकत घेतलं की हातात यायचा तो नुसता अ‍ॅक्टिव्हेशन कोड. खरी की, म्हणजे कंट्रोलरवर टाकायची किल्ली, मिळायची ती कंट्रोलरचा सीरियल नंबर आणि सेफ आयडी कंपनीच्या पोर्टलवर भरल्यावर. सेफ आयडी म्हणजे अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ. ती स्टोरसीएलआय या कंट्रोलरच्या कमांड टूलच्या आउटपुटमधून सरळ कॉपी केली; हातानं टाइप करायची माझी तरी छाती नाही.

की स्वीकारली गेली. दोन्ही एसएसडी रेड 1 मध्ये (दोन्हींवर एकच डेटा) घेतल्या, राइट-बॅक (आधी कॅशमध्ये लिहायचं, मग मूळ डिस्कवर) ठेवलं आणि डेटाबेसच्या व्हर्च्युअल ड्राइव्हला ही कॅश जोडली. आधीच्या डेटाला धक्का लागला नाही, ऑपरेटिंग सिस्टीमला नवी डिस्कही दिसली नाही. रेड 1 वर मी अडून बसलो होतो. राइट-बॅकमध्ये ताजा डेटा काही काळ फक्त एसएसडीवर असतो. एकच एसएसडी असती आणि ती गेली असती, तर डेटाही गेला असता. नुसती रीड कॅश असती तर एकीवरही भागलं असतं.

आणि मग? काहीच नाही! लेखा विभागाचा रिपोर्ट तितकाच रेंगाळत होता. एका सहकाऱ्यानं डीडी ही कॉपी करणारी कमांड चालवून मोठी फाइल वाचून दाखवली, वेग जुनाच. “पैसे पाण्यात गेले,” लेखा विभागाचे साहेब म्हणाले. अहो, कॅश रिकामी होती. डेटाचे कोणते ब्लॉक पुन्हा पुन्हा मागितले जातात हे आधी कंट्रोलरला कळायला हवं, मगच ते एसएसडीवर चढणार. आणि डीडीचं सलग, एकदाच केलेलं वाचन ही त्याची परीक्षाच नव्हे.

मी डिस्कचा ताण दाखवणाऱ्या आयओस्टॅटची खिडकी उघडी ठेवून बसलो. जेवणाच्या सुट्टीनंतर ‘अवेट’चा (एका विनंतीला लागणाऱ्या सरासरी वेळेचा) आकडा उतरू लागला. चाळीस मिलिसेकंदांच्या घरात असणारा आकडा संध्याकाळी एक अंकी झाला. तोच रिपोर्ट साहेबांनी न सांगता पुन्हा चालवला आणि फोन केला, “तुम्ही आत्ता काही बदललंत का?”

दुसऱ्या दिवशी त्यांची नवी मागणी: हीच लायसन्स-की बॅकअप सर्व्हरवरही टाका. की त्या एकाच कार्डाशी बांधलेली, हे एक कारण. दुसरं असं की, बॅकअपचं काम रात्रभर सलग लिहिण्याचं, तिथे पुन्हा मागायला ब्लॉकच नसतात. “मग निदान त्या दोन एसएसडी तरी रात्रीपुरत्या तिकडे लावा,” साहेब म्हणाले. त्यांतला डेटा अजून मूळ डिस्कवर उतरलेला नसू शकतो, हे सांगितल्यावर त्यांनी विषय बदलला.