पाणी किती फूट? : डॅन्यूबकाठचं पुराचं रान आणि हाइनबुर्ग

आईबाबा व्हिएन्नाला आले त्या पहिल्या चार दिवसांत मी त्यांना इतके राजवाडे दाखवले की पाचव्या दिवशी सकाळी चहा घेताना आई म्हणाली, "आता मला एकही झुंबर दाखवू नकोस. कुठंतरी झाडाखाली ने." तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे डोंगर बाद. बाबांना इतिहासाची पाटी दिसली की वाचल्याशिवाय पुढं जाववत नाही, त्यामुळे नुसतं जंगलही बाद. मग एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही हाइनबुर्गला गेलो. सपाट रान आणि जुनं गाव, मधे फक्त नदी. आधी मी एकटी दोनदा जाऊन आले होते, पण वयस्कर माणसांना घेऊन गेल्यावर जागा वेगळीच कळते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

व्हिएन्नाच्या पूर्वेला, स्लोव्हाकियाच्या सीमेपर्यंत डॅन्यूबच्या दोन्ही अंगांना पुराच्या पाण्यावर वाढलेलं जंगल आहे. जर्मनमध्ये अशा रानाला 'आउ' म्हणतात. आम्ही सांगलीचे. आमच्याकडे कृष्णाकाठच्या गाळाच्या जमिनीला मळी म्हणतात, तिथं ऊस नाहीतर वांगी. इथं त्याच मळीवर माणसानं काही पेरलेलं नाही. पांढरे पॉप्लर, विलो, अ‍ॅश, त्यांच्यावर चढलेले वेल, मधेमधे नदीचे जुने फाटे. ९ हजारांहून जास्त हेक्टरांचं हे राष्ट्रीय उद्यान १९९६ साली झालं, त्याचं नाव डोनाउ-आउएन.

जायचं कसं, ते आधी. गावापुरतं जायचं असेल तर रेल्वे उत्तम. व्हिएन्ना मिटे स्टेशनवरून एस७ ही लोकल विमानतळावरून पुढं हाइनबुर्गला जाते, साधारण तासभर लागतो. व्हिएन्नाचा पास असला तरी तो शहराच्या हद्दीपर्यंतच चालतो, पुढचं तिकीट वेगळं काढा. हाइनबुर्ग नावाची एकापेक्षा जास्त स्टेशनं आहेत. नुसतं "हाइनबुर्ग" वाचून पहिल्याला उतरू नका, नकाशा बघा. घोटाळा असा की गाव दक्षिण काठावर आणि चालण्यासारखं मोठं रान उत्तर काठावर. मधे १९७२ साली झालेला पूल आहे, त्यावरून पायी आणि सायकलनं जाता येतं. पहिल्या वेळी मी चालत गेले. पूल आणि त्याचा पूरपट्ट्यावरचा भाग धरून जवळपास दोन किलोमीटर होतात, शेजारून मालट्रक धडधडत असतात आणि वारा टोपी ठेवत नाही. तरुण असाल तर जा, वरून दिसणारं पात्र भारी आहे. आईवडील बरोबर असतील तर एका दिवसापुरती गाडी भाड्यानं घ्या.

आम्ही गाडीच घेतली आणि उत्तर काठानं, ओर्थ आणि एकार्टसाउ या गावांवरून श्टोप्फेनरॉइटला गेलो. एकार्टसाउलाही एक छोटा राजवाडा आहे. ऑस्ट्रियाचा शेवटचा सम्राट कार्ल १९१८ च्या नोव्हेंबरात सत्ता सुटल्यावर पुढच्या मार्चपर्यंत तिथंच राहिला आणि तिथूनच देश सोडून गेला. बाबांनी पाटी वाचली, आईनं माझ्याकडं बघितलं, मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला.

श्टोप्फेनरॉइटला नदीपासून जरा आत मातीचा लांबच लांब बांध आहे. बांधाच्या बाहेर शेती आणि गावं, आत रान आणि नदी. इथं चालण्याचे दोन प्रकार. बांधावरून चाललात तर रस्ता सरळ, कोरडा, कोणालाही जमेल असा. पण खरी मजा आत उतरून आहे. आतली वाट सपाट असली तरी पाऊस झाल्यावर चिखल असतो आणि तो काळ्या मातीसारखाच बुटाला धरून बसतो. आईनं पंजाबी ड्रेसवर माझे जुने स्पोर्ट्स शूज घातले होते, ते पुरले. सँडल मात्र नको.

आत पाऊल टाकताच आई थांबली. "कुणी फोडणी दिलीय?" खरंच, सगळ्या रानाला लसणाचा वास. एप्रिलमध्ये इथं जमिनीवर रानलसणाची पानं गालिच्यासारखी पसरतात, महिन्याच्या शेवटी त्यांना पांढरे तुरे येतात. आईनं एक पान चुरगळून हुंगलं आणि लगेच पिशवी मागितली. नाही म्हणून सांगावं लागलं. उद्यानात पानफूल तोडायचं नाही, आणि बाहेर कुठं तोडायचं झालं तरी ओळख पक्की हवी. याच दिवसांत अगदी अशाच दिसणाऱ्या पानांची दोन विषारी झाडं उगवतात आणि त्यातल्या एकाच्या पानांनी माणसं दगावली आहेत. रानलसूण इथल्या बाजारात जुडीनं मिळतो. दुसऱ्या दिवशी आईनं त्याची शेंगदाणे घालून चटणी केली, ती आता आमच्या घरी दर वसंतात होते.

थोडं पुढं पाण्याचा एक संथ फाटा लागतो. त्याच्या काठाला बीव्हरनं, म्हणजे पाण्याकाठी राहणाऱ्या, मोठ्या घुशीसारख्या प्राण्यानं, कुरतडलेली झाडं आहेत. मांडीएवढ्या जाडीचं खोड, जमिनीपासून हातभर वर दोन्ही बाजूंनी खाऊन बरोबर डमरूसारखं केलेलं. खाली पांढऱ्या ढलप्यांचा ढीग, सुताराच्या दारात असतो तसा. बाबांनी एक ढलपी उचलून चष्मा वर करून पाहिली. त्यावर दातांच्या समांतर खाचा होत्या, पटाशीनं मारल्यासारख्या. बीव्हर स्वतः दिसला नाही. तो दिवसा दिसत नाहीच, त्यासाठी संध्याकाळ हवी.

पण आईचं लक्ष दुसरीकडंच होतं. झुडपांच्या फांद्यांवर, तिच्या डोक्याच्याही वर, वाळलेलं गवत आणि काटक्या अडकून राहिल्या होत्या. एका फांदीला प्लॅस्टिकची बाटली. सांगलीच्या माणसाला हे कोणी समजावून सांगावं लागत नाही. "किती फूट आलं होतं?" तिनं विचारलं. २०२४ च्या सप्टेंबरात या भागात मोठा पाऊस होऊन लोअर ऑस्ट्रिया हे आख्खं राज्य आपत्तिग्रस्त जाहीर झालं होतं, ते मी सांगितलं. २०१९ साली सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आईबाबा आठ दिवस मावशीकडं मिरजेत होते. परत आल्यावर भिंतीवरची रेघ त्यांनी तीन वेळा रंग देऊन घालवली. इथं तीच रेघ झाडांवर आहे आणि ती कोणाला घालवायची नाही.

कारण हे रान पुरावरच जगतं. पाणी येतं, गाळ टाकतं, फाटे धुऊन काढतं, ओसरतं. पूर बंद झाला तर पॉप्लर आणि विलो हळूहळू जाऊन बांधाबाहेरच्यासारखी साधी झाडं येतील. वरच्या अंगाला धरणं झाल्यामुळं नदीबरोबर येणारी खडी अडते आणि इथला तळ दर वर्षी दोन-तीन सेंटिमीटर खोल जातो, म्हणून नदीत मुद्दाम खडी आणून टाकतात. हाइनबुर्गच्या समोरच्या काठावर २००६ च्या सुमारास जवळपास तीन किलोमीटर लांबीचे बांधीव दगड चक्क काढून टाकले, नदीला काठ खाता यावा म्हणून. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणि आपण तिकडं भिंत बांधा म्हणून निवेदनं देतो." दोन्ही बरोबरच आहे. इथं बांधाच्या आत कोणी राहत नाही.

हे रान वाचलं तेही सहज नाही. १९८४ साली इथं जलविद्युत प्रकल्प व्हायचा होता. त्या वर्षी मे महिन्यात काही राजकारणी आणि लेखक प्राण्यांची सोंगं घेऊन पत्रकार परिषदेला बसले, त्याची खिल्लीही उडाली. डिसेंबरात झाडं तोडायला सुरुवात होणार तेव्हा हजारो माणसं याच श्टोप्फेनरॉइटच्या रानात येऊन बसली, कडाक्याच्या थंडीत, तंबू ठोकून. १९ डिसेंबरला पोलिसांनी लाठ्या चालवल्या. त्याच संध्याकाळी व्हिएन्नात प्रचंड मोर्चा निघाला. तीन दिवसांनी चॅन्सेलर फ्रेड झिनोवात्स यांनी नाताळापुरतं काम थांबवलं, ते पुन्हा सुरू झालं नाही.

वाट शेवटी मुख्य नदीवर निघते. खडीचा काठ, समोर हाइनबुर्गचा किल्ला आणि शेजारचा ब्राउन्सबेर्ग डोंगर. इथं बसून जेवायचं ठरलं होतं ते बरं झालं, कारण परत येताना जिथं कॉफी प्यायची होती ती खानावळ त्या दिवशी बंद होती. ऑस्ट्रियात खानावळींना आठवड्यातून एक-दोन सुट्या असतात, दारावर 'रुहेटाग' असं लिहिलेलं असतं. मी फोन करून विचारलं नव्हतं, चूक माझीच. रविवारी किराणा दुकानंही बंद. तेव्हा डबा न्या. आमच्याकडं दशम्या, चटणी आणि आईनं सांगलीहून आणलेलं भडंग होतं. रानात स्वच्छतागृहाची आशा ठेवू नका, निघण्याआधीच सोय बघा. थांबत, बसत, खात आम्हाला अडीच तास लागले. एरवी दीड तासात होईल.

गोचिडीबद्दल मात्र गांभीर्यानं सांगते. आई हसली होती, "गोचीड? इथं गुरं कुठायत?" गवतात असतात, माणसालाही चिकटतात, आणि ऑस्ट्रियात त्यांच्यामुळं मेंदूज्वर होऊ शकतो. इथं राहणारे त्याची लस घेतातच. पाहुण्यांनी पूर्ण पायजमा, मोजे पायजम्यावर चढवलेले, वाटेवरून बाजूला जायचं नाही आणि घरी आल्यावर गुडघ्यामागं, काखेत, केसांत नीट बघायचं. जून-जुलैत पाणी येऊन गेल्यावर डास इतके होतात की बोलायला तोंड उघडवत नाही. एप्रिल किंवा ऑक्टोबर सगळ्यांत चांगला. पाणी चढलेलं असेल तर आत उतरूच नका. या पट्ट्यासाठी विल्डुंग्समाउअर इथल्या मोजपट्टीचा आकडा इंटरनेटवर रोज दिसतो, तो सकाळी बघून निघा.

दुपारी पूल ओलांडून गावात आलो. हाइनबुर्गला तटबंदी आहे आणि ती बरीचशी उभी आहे. ११९२ साली इंग्लंडचा राजा रिचर्ड व्हिएन्नाजवळ पकडला गेला, त्याच्या खंडणीचा काही पैसा या तटाला लागला. हे ऐकून बाबा खूश. "सुरतेच्या पैशातून सिंधुदुर्ग म्हणतात, तसंच की." पश्चिमेचा व्हिएन्ना दरवाजा तेराव्या शतकातला, इतका मोठा की आजही गाड्या त्यातूनच जातात. फोटो काढताना मागं बघा.

त्यापेक्षा माझ्या लक्षात राहतो तो नदीकडचा कोळ्यांचा दरवाजा, फिशरटोर. १६८३ च्या जुलैत तुर्की फौज व्हिएन्नाकडं जाताना हे गाव पडलं. माणसं नदीकडं पळाली. दरवाजा आतल्या बाजूला उघडणारा होता आणि मागून रेटा इतका की तो उघडताच येईना, असं सांगतात. तिथल्या बोळाला आजही रक्ताचा बोळ, ब्लुटगासं, म्हणतात. अरुंद, थोडा उतरता, दोन्ही बाजूंना घरं, एका खिडकीत लाल जिरॅनियम. संगीतकार हायडन याच गावात लहानपणी, १७४० पर्यंत, एका नातेवाईक शिक्षकाकडं शिकायला होता. त्याच्याही घराण्यातली माणसं त्या दिवशी मारली गेली होती.

गाव दीड तासात होतं, जवळजवळ सगळं सपाट. किल्ल्याच्या टेकडीची चढण मात्र उभी आहे. बाबा आणि मी वर गेलो, आई चौकात आइस्क्रीम घेऊन बसली. गुडघे दुखणाऱ्यांनी त्याऐवजी ब्राउन्सबेर्गला जावं, ३४६ मीटर उंच, पण गाडी जवळजवळ माथ्यापर्यंत जाते. वरून एका बाजूला ब्रातिस्लावा आणि खाली ते सगळं रान दिसतं, नदीला धरून, कडेला बांधाची रेघ.

तिथं उभं राहून आईनं मोबाइलवर तो विल्डुंग्समाउअरचा आकडा लावून मागितला. आता ती सांगलीहून रोज बघते. जुलैत फोन आला की आधी, "तुमच्याकडं किती?" मी सेंटिमीटर सांगते. "आमच्याकडं २६ फूट, कोयनेतून अजून सोडलं नाही," ती म्हणते, आणि मग जेवलीस का विचारते.