कागद वाचून देणारी

रविवार, रात्री

चर्चच्या महिला मंडळात आज कृपादानांची, म्हणजे देवाने ज्याला त्याला दिलेल्या देणग्यांची, प्रश्नावली वाटली. कुठल्याशा शिबिरातून आणलेली, झेरॉक्सवर झेरॉक्स काढून अक्षरं पुसट झालेली. 'तुम्हाला लोकांसमोर बोलायला आवडतं का?' 'दुसऱ्याचं दुःख पाहून तुम्हाला रडू येतं का?' समोर शून्य ते पाच आकडे, शेवटी बेरीज. ज्या रकान्याची बेरीज मोठी, ते तुमचं दान. माझ्या शेजारच्या मावशींनी सगळीकडे पाचच घातले. म्हणाल्या, "देवाच्या कामात कमी कशाला लिवायचं?"

मला त्या कागदाचा राग नाही. त्या निमित्ताने प्रत्येकीने तासभर स्वतःचा विचार तरी केला, एरवी आमच्यातल्या निम्म्याजणींना तेवढी सवड कोण देतंय? पण सगळे प्रश्न आपले 'तुम्हाला काय वाटतं, तुम्हाला काय आवडतं' असेच. बायबलमध्ये करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल म्हणतो की ही दानं सगळ्यांच्या हितासाठी दिलेली आहेत. मग माझ्या आवडीनिवडीवरून त्यांचा पत्ता कसा लागणार? लोक आपल्याकडे काय मागायला येतात, ते आधी बघावं.

माझ्याकडे लोक कागद घेऊन येतात.

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत मी शिकले. कन्नड एक विषय म्हणून होता, वर्गातल्या पोरी त्याला कंटाळायच्या, मला मात्र ती गोल गोल अक्षरं गिरवायला आवडायचं. लग्न होऊन बेळगावात आले तेव्हा कळलं की इथे घरोघरी बोलणं मराठी आणि दारात येणारा कागद कन्नड. शेताचा उतारा कन्नड, नोटीस कन्नड, अर्ज कन्नड. सीमाप्रश्न कोर्टात आहे, भाषणात आहे, पण हातात कागद घेऊन दारात उभ्या राहिलेल्या बाईला त्या दिवशी एवढंच पाहिजे असतं, "आक्का, हे जरा वाचून सांग की."

परवा गल्लीतली एक म्हातारी आली. गृहलक्ष्मीचे पैसे येत नाहीत म्हणाली. 2023 च्या ऑगस्टमध्ये कर्नाटक सरकारची ही योजना सुरू झाली. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून ज्या बाईचं नाव, तिच्या खात्यावर महिन्याला 2,000 रुपये. म्हातारीने साडीच्या दुकानातली पिशवी जमिनीवर उलटी केली. रेशनकार्ड, आधार, पासबुक, जुनं लाइटबिल, नातवाच्या बारशाची पत्रिका, नवऱ्याचा पासपोर्ट साइज फोटो. एकेक सरळ करून मांडलं. रेशनकार्डावर तिचं नाव 'बाई'वर संपतं आणि आधारवर कन्नड वळणाने 'व्वा'वर. बाई एकच, कागदावर दोघी. केंद्रावर तिला एवढंच सांगितलं होतं, "हेसरु ब्यारे ऐती." नाव वेगळं आहे हे तिला कळलं, पण पुढे काय करायचं ते कुणी सांगितलं नाही, म्हणून ती घरी येऊन गप्प बसली होती.

पासबुकही बघितलं, तिथे आधारसारखंच 'व्वा'. मग सोपं झालं. दोन कागद जुळत असतील तर तिसरा बदलायचा. तो एकच बदलून घ्या, बाकीच्यांना हात लावू नका, नाहीतर एक दुरुस्त करताना दुसरं बिघडतं. मग बँकेत जाऊन खात्याला आधार जोडलेलं आहे ना, एवढं विचारून या. चिठ्ठीवर कन्नडमध्ये तिच्यासाठी दोन ओळी लिहून दिल्या, खिडकीत दाखवायला. जाताना म्हणते, "किती घेतीस?" मी म्हटलं, "चहा घ्या आणि जावा."

हे कृपादान म्हणावं का? आमच्या मंडळीत दान म्हटलं की गायन, प्रार्थना, प्रवचन. मोठ्याने आणि न अडखळता प्रार्थना करणाऱ्या बाईकडे सगळे 'आत्म्याने भरलेली' म्हणून बघतात. आणि पौलाची यादी? पहिल्या करिंथच्या बाराव्या अध्यायात अठ्ठाविसावं वचन काढून बघा. प्रेषित, संदेष्टे, शिक्षक, मग चमत्कार, मग रोग बरे करणं, आणि शेवटी अन्य भाषा. चमत्कार आणि भाषा यांच्या मधोमध मदत करणं आणि व्यवस्था पाहणं ही दोन्ही बसवलेली आहेत. सुवार्ता सभांमध्ये त्या यादीच्या टोकांवर तासन् तास ऐकलंय. मधल्या दोघांवर अख्खं प्रवचन माझ्या तरी कानावर आलेलं नाही.

बायबलच्या निर्गम या पुस्तकात तर हे याहून ठळक आहे. निवासमंडप, म्हणजे उपासनेचा तंबू, उभारायचा तेव्हा देवाने बसालेल या कारागिराला आत्म्याने भरलं ते सोनं, रुपं, पितळ घडवण्यासाठी, रत्नं बसवण्यासाठी, लाकूड कोरण्यासाठी. आणि ज्या बायकांच्या हातात कसब होतं त्यांनी सूत कातून आणलं, बकऱ्याच्या केसांचंसुद्धा. शहापूर-वडगावात मागाच्या आवाजात वाढलेल्या बाईला हा भाग वाचून दाखवा, तिला वेगळं समजवावं लागत नाही.

पंडिता रमाबाईंची आठवण आमच्याकडे निघते ती केडगाव, तिथलं त्यांचं मुक्ती मिशन, विधवा एवढ्यापुरती. मला त्यांचा छापखाना जास्त आठवतो. 1858 मध्ये त्यांचा जन्म गंगामूळच्या जंगलात झाला, आजच्या कर्नाटकातच. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणलं. 1922 मध्ये त्या गेल्या, पुस्तक बाहेर पडलं ते 1924 मध्ये. त्याचे खिळे जुळवले केडगावच्याच बायका-मुलींनी. उलटी अक्षरं ओळीत बसवायची, शाईने बोटं काळी, एक काना राहिला की पुन्हा. रमाबाईंचं दान सगळ्यांना दिसतं. पण खिळे जुळवणाऱ्या त्या पोरी नसत्या तर ते भाषांतर वह्यांतच राहिलं असतं, आणि त्यातल्या कितीजणींची नावं आपल्याला ठाऊक आहेत?

आता उलट बाजूही लिहून ठेवते, नाहीतर हे फार गोड होईल. 'बहिणींना सेवेचं दान असतं' हे वाक्य मी नेहमी चहाच्या वेळी ऐकलंय, कपबश्या उचलायच्या असतात तेव्हा. हिशेब, बैठक, पुढची खुर्ची आली की ते दान एकदम भावांकडे जातं. प्रिस्किल्लाने नवऱ्याच्या बरोबरीने अपुल्लोसासारख्या विद्वानाला देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला, हे बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात सरळ लिहिलेलं आहे. ज्या बहिणीला शिकवता येतं तिला कांदे चिरायला बसवणं ही नम्रता नव्हे, नासाडी आहे. आणि हे मी कांदे चिरण्याविरुद्ध लिहीत नाही. ज्या बाईच्या हाताला शंभर माणसांच्या भाताचा अंदाज आहे, तिचं दान मला कळतं.

तालांतांचा दाखला, म्हणजे धनी चाकरांकडे पैसे सोपवून जातो ती येशूची गोष्ट, सांगून बायकांना घाबरवतात तेही मला पटत नाही. ज्या चाकराला एकच तालांत मिळाला त्याला आपण गरीब समजतो. एक तालांत म्हणजे सहा हजार दीनार, आणि दीनार म्हणजे मजुराची एक दिवसाची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस धरले तर वीस वर्षांची कमाई! त्या माणसाने एवढं घबाड मातीत पुरलं. 'माझ्याकडे काय आहे हो, मी साधी बाई' असं म्हणणाऱ्या आमच्या बहिणींना मला हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवायचाय.

आज प्रश्नावलीची बेरीज केली तर माझं दान 'पाहुणचार' निघालं. नवरा खूप हसला. पाहुणे आले की मी कशी घामाघूम होते ते त्याला माहीत आहे.

सभा संपल्यावर पाळकसाहेबांना विचारलं, महिन्यातून एका रविवारी उपासनेनंतर व्हरांड्यात एक टेबल मांडू का, कागद घेऊन येणाऱ्यांसाठी. संडे स्कूलमधल्या दोन मोठ्या मुलींना बरोबर घेईन. एकीचं कन्नड माझ्याहून चांगलं आहे आणि दुसरी फोनवरचे अर्ज डोळे मिटून भरते. गायनमंडळीत दोघींना कधी घेतलं नाही, आवाज नाही म्हणून. साहेब जरा थांबले. म्हणाले, "गल्लीतल्या सगळ्याच येतील मग, फक्त आपल्या मंडळीतल्या नाही."

"येऊ देत की," म्हटलं. "झेरॉक्स तेवढी ज्याची त्याने आणायची."